आर्टिलरी ब्रिगेड: तोफा कुठे असतात, साहेब कुठे असतात

नाशिक रोड, देवळाली कॅम्प, भगूर या पट्ट्यात राहणाऱ्याला तोफेचा आवाज नवा नाही. रेंजवर फायरिंग लागलं की खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि आमच्यासारखे पेन्शनर नुसत्या आवाजावरून ओळखतात की आज हलकी तोफ चालली आहे की १५५ मिलिमीटरची मोठी. बहुला किल्ल्यावर ट्रेकला निघालेल्या पोरांना सरळ जाता येत नाही तेही याचमुळे. तो सगळा डोंगर तोफखान्याच्या फायरिंग रेंजमध्ये येतो.

देवळालीत ‘तोपची’ नावाचं प्रात्यक्षिक होतं. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागले की सोसायटीतली मुलं विचारतात, “काका, ही तोफ किती लांब मारते?” तो आकडा कुठेही मिळतो. पण भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या गावच्या एका मुलाने मध्यंतरी फोनवर निराळंच विचारलं. “काका, आर्टिलरी ब्रिगेड म्हणजे नेमकं काय असतं? सगळ्या तोफा एका ठिकाणी उभ्या असतात का? आणि ब्रिगेडियर साहेब त्यांच्याजवळ उभे राहून ऑर्डर देतात का?”

मला हा प्रश्न फार आवडला, म्हणून त्याला फोनवर दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितो. मी टीए होतो, म्हणजे टेक्निकल असिस्टंट. तोफेचा गोळा हव्या त्या जागी पडावा म्हणून लागणारा हिशोब करणारा माणूस. सुभेदार म्हणून निवृत्त झालो. खाली जे लिहिलंय ते सगळं उघड माहितीतलं आहे, गुपित काही नाही.

आधी शिडी समजून घ्या. एका तोफेवर तोफेच्या जातीप्रमाणे कमी-जास्त माणसं असतात आणि त्यांचा प्रमुख असतो एक हवालदार. त्याला ‘नंबर वन’ म्हणतात. तोफ त्याची. तिच्या ब्रीचमध्ये, म्हणजे गोळा भरतात त्या मागच्या तोंडात, वाळूचा कण दिसला तर जाब त्यालाच विचारला जातो. अशा सहा तोफांची एक बॅटरी. तीन बॅटऱ्यांची एक रेजिमेंट, म्हणजे १८ तोफा. रेजिमेंटचा प्रमुख कर्नल, आमचे सीओ साहेब. बॅटरीचे प्रमुख बीसी साहेब. आणि अशा काही रेजिमेंट मिळून ब्रिगेड, तिचा प्रमुख ब्रिगेडियर. इन्फन्ट्रीच्या म्हणजे पायदळाच्या एका डिव्हिजनला साधारण अशी एक आर्टिलरी ब्रिगेड असते.

ब्रिगेडमधल्या तोफा एकाच जातीच्या नसतात. डोंगरात १०५ मिलिमीटरची लाइट फील्ड गन असते, १२० मिलिमीटरची मॉर्टर म्हणजे उखळी तोफ असते, आता हेलिकॉप्टरखाली लटकवून नेता येणारी एम-७७७ आली आहे. मैदानात जुनी रशियन १३० मिलिमीटर, तिचंच १५५ केलेलं शारंग, जबलपूरला बनणारी धनुष. रणगाड्यांच्या फौजेबरोबर पळायला के-९ वज्र, जी स्वतःच साखळीपट्ट्यांवर चालते. मारा पाहिला तर १०५ साधारण १७ किलोमीटर, १३० साधारण २७ आणि धनुष ३८ च्या आसपास. पुण्याच्या पाषाणला एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने घडवलेला पिनाका रॉकेट लाँचर बारा रॉकेटं ४४ सेकंदांत सोडतो. वज्र आणि एम-७७७ सैन्यात दाखल झाल्या तो समारंभ ९ नोव्हेंबर २०१८ ला इथे देवळालीतच झाला होता.

हे सगळे आकडे पाठ केले तरी ब्रिगेड कळत नाही. ब्रिगेड कळायची असेल तर तिच्या तोफा कुठे आहेत यापेक्षा तिचे साहेब कुठे बसलेत ते बघावं लागतं.

इन्फन्ट्री डिव्हिजनमध्ये साधारणपणे तीन इन्फन्ट्री ब्रिगेड असतात आणि प्रत्येक ब्रिगेडमध्ये तीन पलटणी, म्हणजे बटालियन. आता आमचा हिशोब त्याच्याशेजारी मांडा. एका इन्फन्ट्री ब्रिगेडला आमची एक रेजिमेंट जोडलेली. तिच्या तीन बॅटऱ्या तीन पलटणींना जोडलेल्या. लढाईत आमचे सीओ साहेब आपल्या तोफांजवळ नसतात. ते इन्फन्ट्रीच्या ब्रिगेड कमांडरच्या शेजारी असतात. बीसी साहेब पलटणीच्या सीओच्या शेजारी. आणि त्या पलटणीची जी कंपनी सगळ्यात पुढे चढत असते, तिच्या कंपनी कमांडरच्या शेजारी आमचा एक तरुण कॅप्टन किंवा लेफ्टनंट असतो, रेडिओ सेटवाल्याला आणि एका टीएला सोबत घेऊन. त्याला फॉरवर्ड ऑब्झर्व्हेशन ऑफिसर म्हणतात, बोलताना एफओओ. आणि सगळ्यात वर, डिव्हिजनच्या जीओसी म्हणजे प्रमुख साहेबांच्या शेजारी आमचे ब्रिगेडियर, म्हणजे कमांडर आर्टिलरी. ते आपल्या ब्रिगेडचे प्रमुख असतात आणि त्याच वेळी डिव्हिजनचे तोफखान्याचे सल्लागारही.

म्हणजे कंपनीपासून डिव्हिजनपर्यंत इन्फन्ट्रीच्या प्रत्येक पायरीवर तोफखान्याचा एक अधिकारी हजर असतो, आणि ते सगळे एकमेकांशी आमच्याच रेडिओ नेटवर जोडलेले असतात. तोफा मागे राहतात, पाच-दहा-वीस किलोमीटरवर, नाल्यात, टेकडीच्या आडोशाला. तिथे जीपीओ म्हणजे गन पोझिशन ऑफिसर असतो, जेसीओ म्हणजे सुभेदार-नायब सुभेदार असतात, आम्ही टीए असतो. रेजिमेंटचे टूआयसी म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचे साहेब गनचा सगळा इलाखा सांभाळतात. पण शत्रूला पाहणारे, निर्णय घेणारे डोळे पुढे, इन्फन्ट्रीच्या जवानांबरोबर चालत असतात.

मुलाने इथे मला मध्येच थांबवलं. “मग ती रेजिमेंट इन्फन्ट्री ब्रिगेडच्या हाताखाली गेली ना?”

नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. रेजिमेंट त्या ब्रिगेडच्या ‘डायरेक्ट सपोर्ट’मध्ये असते, हाताखाली नाही. त्या ब्रिगेडने मागितलेला फायर आधी द्यायचा हे ठरलेलं, पण लगाम आर्टिलरीच्या ब्रिगेडियरकडे. समजा एक इन्फन्ट्री ब्रिगेड मागे राखीव ठेवली आहे. तिचे जवान ट्रेंच खणतायत, विश्रांती घेतायत. तिला जोडलेली आमची रेजिमेंट मात्र त्या दिवशीही दुसऱ्या ब्रिगेडसाठी मारा करत असते. तोफखाना राखीव ठेवत नाहीत. जिथपर्यंत गोळा पोचतो तिथपर्यंतची प्रत्येक अडचण ही त्या तोफेची अडचण. आणि खरा प्रसंग आला तर कमांडर आर्टिलरी वेगवेगळ्या खोऱ्यांत पसरलेल्या आपल्या सगळ्या रेजिमेंट एका टेकडीवर वळवतात. त्यासाठी तोफा जागच्या हलवाव्या लागत नाहीत, फक्त बॅरल फिरवायची. तोफा पसरलेल्या ठेवायच्या आणि मारा एकवटायचा. ब्रिगेड बांधली जाते ती यासाठी.

आता सगळ्यात पुढच्या टोकाला जाऊ.

राजस्थानात महाजनच्या रेंजवर मी बरेचदा ओपी पार्टीबरोबर, म्हणजे पुढे राहून टार्गेट बघणाऱ्या तुकडीबरोबर होतो. हिवाळ्यात पहाटे वाळू अशी गार असते की कोपर टेकवून पडलं की गारठा जॅकेटमधून आत शिरतो. कॅप्टन साहेब दुर्बिणीतून बघतायत, ऑपरेटर सेट कानाला लावून बसलाय, मी नकाशावर जागा पक्की करून बसलोय. साहेब टार्गेटचा ग्रिड म्हणजे नकाशावरच्या जागेचे आकडे सांगतात, आपण ज्या दिशेने टार्गेटकडे बघतोय ती दिशा सांगतात, टार्गेट काय आहे ते सांगतात. मागे पंधरा किलोमीटरवर एक तोफ एकच गोळा सोडते. सेटवर “शॉट” ऐकू येतं आणि मग वाट बघायची. गोळा हवेत पाऊण-एक मिनिट असतो. तेवढ्या वेळात कोणी बोलत नाही.

आणि मग गोळा पडतो, पण दिसत नाही. तो टेकाडाच्या पलीकडे पडलेला. आधी दबका आवाज येतो, मग थोड्या वेळाने टेकाडावरून करड्या धुराचं टोक वर येतं. तेवढ्यावरून साहेबांना ठरवायचं असतं की गोळा किती पुढे गेला. “ड्रॉप फोर हंड्रेड.” पुढचा गोळा अलीकडे पडतो. आता टार्गेट दोन्हीच्या मध्ये सापडलं. “अ‍ॅड टू हंड्रेड.” मग शंभर, मग पन्नास. आणि मग तो शब्द, ज्यावर सगळी बॅटरी एकदम पेटते: “फायर फॉर इफेक्ट.”

यात एक खुबी आहे, जी बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. साहेब जिथून बघतायत तिथलं डावं-उजवं आणि तोफ जिथे उभी आहे तिथलं डावं-उजवं एक नसतं. एफओओ डोंगराच्या एका अंगाला, तोफा दुसऱ्या अंगाला. साहेब स्वतःला दिसतं तसं “लेफ्ट फिफ्टी” म्हणतात, कारण गोळ्यांच्या मध्ये पडून भूमितीचा हिशोब करायला त्यांना सवड नसते. ते डावं तोफेच्या दृष्टीने किती पुढे आणि किती उजवीकडे हे काढणं मागे कमांड पोस्टमध्ये आमचं काम.

कमांड पोस्ट म्हणजे गाडीच्या मागचा भाग किंवा जमिनीत खणलेला खड्डा, वर जाळी आणि ताडपत्री. रात्री आत एकच मंद दिवा. पुढ्यात प्लॉटिंग बोर्ड, रेंज टेबलचं जाडजूड पुस्तक, टोक काढलेल्या पेन्सिली. आमच्या वेळी दोन टीए एकमेकांकडे न बघता वेगवेगळा हिशोब करायचे. दोघांचं उत्तर जुळलं तरच आकडा गनवर जायचा. तोफखान्यात पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश नसतात, ६४०० मिल असतात. एक मिल म्हणजे एक किलोमीटरवर साधारण एक मीटर. म्हणजे २० किलोमीटरवर मारताना एका मिलची चूक झाली तर गोळा २० मीटर बाजूला. आणि त्या २० मीटरवर आपलीच कंपनी असू शकते.

हिशोबात काय काय धरायचं ते ऐकून तो मुलगा गप्पच झाला. तोफ आणि टार्गेट यांच्या उंचीतला फरक. वेगवेगळ्या उंचीवरचा वारा, कारण लांबचा गोळा काही किलोमीटर वर चढतो आणि तिथला वारा खालच्यासारखा नसतो. हवेचं तापमान आणि दाब, जे फुगा सोडून मोजतात आणि ठरावीक वेळाने सगळ्यांना कळवतात. चार्जचं म्हणजे दारूचं तापमान, कारण उन्हात तापलेली दारू गोळ्याला जास्त जोरात ढकलते. त्यासाठी चार्जच्या पेटीत थर्मामीटर ठेवलेला असतो. बॅरल किती झिजली आहे. गोळा फिरत जातो म्हणून एका बाजूला सरकतो, ते सरकणं. आता हे सगळं कॉम्प्युटर करतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सची ‘शक्ती’ प्रणाली एफओओपासून गनपर्यंत हा डेटा सेकंदांत पोचवते. धनुष आणि वज्रसारख्या तोफांना आपण कुठे उभं आहोत आणि बॅरल कुठे बघतेय हे स्वतःचं स्वतःला कळतं. तरीही हाताने हिशोब करायला शिकवतात, आणि शिकवलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. कॉम्प्युटर चुकीच्या ग्रिडवरसुद्धा तितक्याच इमानाने उत्तर देतो. “हे उत्तर बरोबर वाटत नाही” असं म्हणणारा माणूस तिथे लागतो, आणि तो माणूस हाताने हिशोब केल्याशिवाय तयार होत नाही.

इथपर्यंत झालं बॅटरीचं. आता ब्रिगेड हेडक्वार्टरला काय चालतं?

तिथे फायर प्लॅन बनतो. इन्फन्ट्रीचा हल्ला सुरू होण्याची वेळ ठरलेली असते, तिला एच-अवर म्हणतात. फायर प्लॅन हा एक मोठा तक्ता असतो. एका बाजूला टार्गेट, वरच्या बाजूला एच-अवरच्या आधीची आणि नंतरची मिनिटं, आणि प्रत्येक चौकटीत कोणती रेजिमेंट, किती गोळे, कोणत्या वेगाने. जवान चढत चढत टार्गेटच्या जवळ पोचले की मारा तिथून उचलून पुढच्या टार्गेटवर न्यायचा, त्याला लिफ्ट म्हणतात. लिफ्ट लवकर झाली तर शत्रू बंकरमधून डोकं वर काढतो आणि आपले जवान उघड्यावर सापडतात. उशिरा झाली तर काय होतं ते लिहायला नको. जवान जितके गोळ्यांच्या मागोमाग चढतील तितके वाचतात.

आणि सगळ्या रेजिमेंटचे पहिले गोळे एकाच क्षणी पडले पाहिजेत. एक रेजिमेंट १५ किलोमीटरवर, दुसरी ८ वर. एकीचा गोळा हवेत जास्त वेळ राहणार. म्हणून लांबच्या रेजिमेंटने आधी डागायचं आणि जवळच्या रेजिमेंटने हातात घड्याळ धरून थांबायचं. पहिला गोळा पडला की शत्रू आडवा होतो, दुसऱ्या गोळ्यापर्यंत बंकरमध्ये शिरतो. खरं नुकसान पहिल्याच झटक्यात होतं, म्हणून सेकंदांचा एवढा आग्रह. हे जमायचं तर सगळ्या तोफांचा नकाशा एक हवा, उत्तर दिशा एक हवी, घड्याळ एक हवं. सर्व्हेवाले काटेकोर मोजमाप करून सगळ्यांना एकाच ग्रिडवर आणतात. त्यांची नावं कुठल्याच बातमीत येत नाहीत, पण त्यांच्याशिवाय ब्रिगेड म्हणजे नुसत्या सुट्या सुट्या रेजिमेंट.

याचं आपल्या सैन्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कारगिल, १९९९. मी तिथे नव्हतो, माझी रेजिमेंट तेव्हा दुसऱ्या सरहद्दीवर होती. नंतर त्या भागात पोस्टिंग झालं तेव्हा द्रासमध्ये उभं राहून मी ते डोंगर पाहिले. खालून हायवे जातो आणि तोलोलिंग त्याच्या डोक्यावर बसलेला. वरचा माणूस खालची एकेक गाडी मोजू शकतो.

द्रास भागात ८ माउंटन डिव्हिजन आली आणि तिच्या आर्टिलरी ब्रिगेडचे कमांडर होते ब्रिगेडियर लखविंदर सिंग. अडचण काय होती ते गनरच्या नजरेने सांगतो. तोफ उभी करायला सपाट जागा हवी, आणि त्या अरुंद खोऱ्यात सपाट जागा म्हणजे रस्ता आणि त्याच्या कडेची थोडी जमीन, तीही शत्रूच्या नजरेखाली. टार्गेट कसं, तर सुळक्याच्या टोकावरचा दगडी बंकर. मैदानात गोळा ५० मीटर पुढे पडला तर तो टार्गेटच्या ५० मीटर पुढे पडतो. सुळक्यावर ५० मीटर पुढे गेला तर तो पलीकडच्या दरीत कित्येक शे मीटर खाली जातो आणि अलीकडे पडला तर खालच्या कड्यावर फुटतो. त्यात हवा विरळ. विरळ हवेत गोळ्याला अडथळा कमी, म्हणून तो नेहमीपेक्षा लांब जातो, आणि रेंज टेबलमधले आकडे जसेच्या तसे चालत नाहीत. मारून बघायचं, एफओओने सांगायचं, आकडे दुरुस्त करायचे.

उपाय निघाला तो ब्रिगेडच्याच पातळीवरचा, मारा एकवटण्याचा. तोलोलिंगच्या वेळी शंभराहून अधिक तोफांचा मारा त्या भागावर एकवटला आणि १३ जूनला तोलोलिंग आपल्याकडे आलं. टायगर हिलच्या वेळी बोफोर्सच्या बॅरल खाली आणून समोर दिसणाऱ्या बंकरवर थेट नेम धरून मारलं. १५५ ची तोफ रायफलसारखी वापरणं हे आमच्या पुस्तकात अपवाद म्हणून असतं, आणि तिथे गनवरच्या जवानांनी शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात उभं राहून ते केलं. त्या सगळ्या लढाईत तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली, दिवसाला सरासरी पाच हजार. टायगर हिल परत घेतलं त्या दिवशी नऊ हजारांच्या आसपास. २०२२ मध्ये द्रासमधल्या पॉइंट ५१४० या शिखराला ‘गन हिल’ हे नाव दिलं गेलं ते याचसाठी. तो दिवस आम्हा सगळ्या जुन्या गनर लोकांसाठी सणासारखा होता.

त्या कहाणीत तोफांचे फोटो पुष्कळ छापले गेले. पण जे मारा वळवत होते ते वर कड्यांवर, पलटणीच्या जवानांच्या खांद्याला खांदा लावून होते. कॅप्टन आर. जेरी प्रेमराज, १५८ मिडियम रेजिमेंट. जुलै १९९९ मध्ये एफओओ म्हणून ट्विन बम्प्स या शत्रूच्या ताब्यातल्या उंचवट्यावरच्या हल्ल्यात होते. गोळी लागल्यावरही मारा वळवत राहिले आणि तिथेच गेले. मरणोत्तर वीरचक्र. ब्रिगेडची आकृती कागदावर काढतो तेव्हा सगळ्यात पुढच्या ज्या बारीक ठिपक्यावर मी ‘एफओओ’ लिहितो, तो ठिपका म्हणजे असा माणूस असतो.

आता गोळ्यांचं वजन बघू, कारण ब्रिगेडियर साहेबांची निम्मी झोप यात जाते. १५५ मिलिमीटरचा एक गोळा साधारण ४३ ते ४५ किलोचा. एका रेजिमेंटच्या १८ तोफांनी प्रत्येकी दहा गोळे टाकले तर झाले १८० गोळे, म्हणजे नुसते गोळेच जवळपास आठ टन. चार्ज आणि फ्यूज वेगळे. आणि दहा गोळे टाकायला किती मिनिटं लागतात? थोडीच. म्हणून किती गोळे कोणाला आणि कोणत्या टार्गेटसाठी द्यायचे हा निर्णय ब्रिगेडकडे असतो. गाड्या रात्री दिवे बंद करून गनपर्यंत जातात, आणि एकेक गोळा शेवटी माणसाच्या हातानेच उतरतो. पोरांनो, आपल्या विदर्भाचा यात मोठा वाटा आहे हेही लक्षात असू द्या. नागपूरची अंबाझरी, भद्रावतीची चांदा, भंडाऱ्याची जवाहरनगर, या कारखान्यांत राबणाऱ्या हातांनी घडवलेला, भरलेला माल सरहद्दीवर जातो.

शत्रूकडेही तोफखाना असतो, हे नवीन मुलं विसरतात. आपला गोळा उडाला की त्याच्या रडारला तो दिसतो, आणि त्याच्या वाटेवरून आपली तोफ कुठे आहे ते निघतं. आपल्याकडे हेच काम ‘स्वाती’ रडार करतं. हे काम करणाऱ्या युनिटला साटा म्हणतात, म्हणजे टेहळणी आणि टार्गेट शोधणारी आमची शाखा. रडार, ड्रोन, सगळ्यांची खबर ब्रिगेडकडे जमा होते आणि शत्रूच्या कोणत्या तोफेला आधी गप्प करायचं ते तिथे ठरतं. याला काउंटर बम्बार्डमेंट म्हणतात. आता तोफ एका जागी उभी राहून दिवसभर मारत बसली तर टिकणार नाही. मारा करा आणि जागा सोडा. सहा तोफा रांगेत उभ्या करायचे दिवस गेले.

डिव्हिजनच्या ब्रिगेडच्या वरही तोफखाना असतो. काही डिव्हिजन मिळून होणाऱ्या कोअरकडे असतो, आणि पूर्ण आर्टिलरी डिव्हिजनही असतात, त्यातली एक आपल्या पुण्यात आहे, ४१ आर्टिलरी डिव्हिजन. लांब पल्ल्याची रॉकेटं, मोठी तोफ, जिथे निकराची लढाई तिथे त्यांचं वजन टाकायचं. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

भरतीवाल्या मुलांसाठी एवढंच सांगतो. तोफखाना म्हटलं की तुम्हाला फक्त गनर आठवतो. गनर आहेच, आणि ४५ किलोचा गोळा रात्रभर उचलणाऱ्याला माझा सलाम आहे. पण रेडिओ ऑपरेटर, सर्व्हेअर, ड्रायव्हर, टीए, हेही त्याच ब्रिगेडचे. दहावी-बारावीतला साइन-कोसाइन ज्याला आवडतो त्याने टीए व्हावं असं मी नेहमी सांगतो. २०२३ पासून तोफखान्यात महिला अधिकारीही आल्या आहेत. तेव्हा घरातल्या मुलींनाही हे वाचायला द्या.

गेल्या काही काळात रचना बदलते आहे. २६ जुलै २०२५ ला द्रासमध्ये सेनाप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी ‘शक्तिबाण’ रेजिमेंट आणि ‘दिव्यास्त्र’ बॅटऱ्यांची घोषणा केली. त्यांच्याकडे ड्रोन असतील, घिरट्या घालत राहून टार्गेट सापडलं की त्यावर कोसळणारी अस्त्रं असतील. हे हवंच होतं. टेकाडापलीकडे पडलेल्या ज्या गोळ्याचा आम्ही धुरावरून अंदाज बांधायचो, तो आता ड्रोनमधून सरळ दिसतो.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. ड्रोन आला म्हणून कंपनीबरोबर चालणारा एफओओ कमी करू नये. ड्रोनला शत्रूचा बंकर दिसतो. पण डाव्या अंगाने चढणारं आपलं सेक्शन, म्हणजे दहाएक जवानांची तुकडी, धुक्यात नेमकं कोणत्या खडकामागे थांबलंय, कोण जखमी झालंय, कंपनी कमांडर पुढच्या दोन मिनिटांत उठणार आहे की दहा मिनिटांत, हे शेजारी बसलेल्या माणसालाच कळतं. कंपनी कमांडर त्या कॅप्टनला ओळखत असतो, त्याच्याबरोबर लंगरमध्ये जेवलेला असतो. म्हणून “आणखी जवळ टाक” असं तो सांगू शकतो आणि कॅप्टन आणखी जवळ टाकू शकतो. ब्रिगेडमध्ये नवीन काय यायचं ते येऊ दे, पण ही जागा रिकामी करून तिथे नुसता एक स्क्रीन द्यायचं कोणी म्हणत असेल, तर एक जुना टीए म्हणून माझा त्याला ठाम विरोध आहे.